जुन्या लॅपटॉपवर विंडोज ११ टाकू का?

ताई, तुमचं म्हणणं आधी माझ्या शब्दांत सांगतो, म्हणजे मला नीट कळलंय का ते तुम्हालाही बघता येईल. घरात २०१५चा लॅपटॉप आहे. आय-फाइव्ह फिफ्थ जनरेशन, ४ जीबी रॅम, १ टीबी हार्ड डिस्क, विंडोज १०. बटण दाबून चहा टाकला तरी चहा आधी होतो. ऑक्टोबर २०२५पासून स्क्रीनवर सपोर्ट संपल्याचा निरोप येतो, आणि ११ टाकायला गेलं की 'हा पीसी पात्र नाही' असं उत्तर मिळतं. दुकानदार म्हणतो, नवीन घ्या. भाचा म्हणतो, मावशी, पेनड्राइव्ह लावून अर्ध्या तासात ११ टाकून देतो, मित्राच्या लॅपटॉपवर मस्त चालतंय. लॅपटॉपवर कामं चार: एक्सेलमधली निकालपत्रकं, जुन्या फॉन्टमधल्या मराठी प्रश्नपत्रिका, मुलाचे ऑनलाइन क्लास आणि बँक. कोणाचं ऐकायचं, हा प्रश्न.

माझं सांगलीत रिपेअरिंगचं दुकान आहे, आता अठरा वर्षं होतील. तुमच्यासारखा लॅपटॉप आठवड्याला दोन-तीन तरी येतो, त्यामुळे उत्तर अनुभवातलं आहे, पण लॅपटॉप समोर नाही हेही खरं. काही गोष्टी तुम्हालाच बघून सांगाव्या लागतील, त्या येतील तिथे सांगतो.

भाचा खोटं बोलत नाहीये. टाकता येतं. विंडोज ११ला टीपीएम २.० (किल्ल्या जपणारी सुरक्षेची चिप) लागतं, सिक्युअर बूट (चालू होताना फक्त विश्वासातलं सॉफ्टवेअर उघडू देणारी सोय) लागतं आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर एखाददुसरा अपवाद सोडून एट्थ जनरेशन किंवा पुढचा लागतो. पण ही तपासणी इन्स्टॉल करणारा प्रोग्रॅम दारात उभा राहून करतो. रुफस नावाच्या छोट्या सॉफ्टवेअरने पेनड्राइव्ह बूटेबल, म्हणजे त्यावरूनच मशीन चालू होईल असा, करताना एक खूण केली की दारातला हा माणूस उठून जातो. पुढे विंडोज चालायला खरोखर अडेल अशी अट एकच, आणि ती विंडोज ११च्या २४एच२ (२०२४च्या उत्तरार्धातल्या) आवृत्तीपासून आली: प्रोसेसरला एसएसई ४.२ आणि पॉपकाउंट या सूचना समजल्या पाहिजेत. कोअर टू ड्युओच्या काळातली मशीन तिथे बूटच होत नाहीत. तुमचा फिफ्थ जनरेशन त्यात आरामात बसतो.

मग मी सरळ 'टाका' का म्हणत नाही? कारण तुमच्या प्रश्नात तीन वेगळी दुखणी एकाच चिठ्ठीत आली आहेत. लॅपटॉप हळू आहे, विंडोज १०चा सपोर्ट संपलाय, आणि बँकेचं काम त्यावर होतं म्हणून भीती वाटते. ११ टाकल्याने यातलं पहिलं जात नाही, उलट थोडं वाढतं. दुसरं आणि तिसरं जातं असं वाटतं, पण कधी जातं आणि कधी जात नाही हे मी एकदा स्वतःच्या चुकीतून शिकलो. तो किस्सा पुढे सांगतो. आधी हळूपणाचं बघू, कारण सगळ्यात जास्त त्रास त्याचाच आहे आणि त्याचा उपाय सोपा आहे.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. लॅपटॉप नुकताच चालू केलेला असताना 'डिस्क'चा रकाना बघा. माझी पैज आहे, तिथे १०० टक्के दिसेल आणि सीपीयू बिचारा १५-२० टक्क्यांवर बसून असेल. या लॅपटॉपमधली हार्ड डिस्क बहुतेक ५४०० आरपीएमची असते. म्हणजे तबकडी सेकंदाला ९० फेऱ्या मारते. हवी ती माहिती सुईखाली यायला सरासरी अर्धी फेरी, म्हणजे साडेपाच मिलिसेकंद, आणि त्याआधी सुईला जागेवर जायला दहा-बारा मिलिसेकंद. विंडोज चालू होताना हजारो बारीक फाइली इकडून तिकडून वाचतं. प्रत्येक फाइलला पंधरा-सतरा मिलिसेकंद धरून गुणाकार करा, तुमचा चहा का होतो ते कळेल. त्यात रॅम ४ जीबी. क्रोमच्या पाच-सहा टॅब उघडल्या की ती भरते, आणि विंडोज उरलेलं सामान त्याच मंद डिस्कवर नेऊन ठेवायला लागतं. जी डिस्क आधीच धापा टाकतेय तिच्यावर आणखी ओझं.

एसएसडी म्हणजे चिपवर माहिती ठेवणारी डिस्क; तिच्यात तबकडीही नाही आणि सुईही नाही. अडीच इंची साटा एसएसडी या लॅपटॉपमध्ये हार्ड डिस्कच्याच जागी, त्याच स्क्रूवर बसते. २५६ जीबी तुम्हाला पुरेल. रॅम ८ जीबी करा, पण घेताना एक काळजी: या प्रोसेसरला डीडीआर-थ्री-एल लागते, १.३५ व्होल्टची. नुसती डीडीआर-थ्री दीड व्होल्टची असते. ती स्लॉटमध्ये बसते, दिसायला सारखीच असते, आणि मशीन चालू होत नाही. लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्याहून कुणाकरवी मागवणार असाल तर कागदावर 'एल' लिहून द्या. किमती सध्या इतक्या वरखाली होताहेत की आकडा देत नाही, पण दोन्ही मिळून नव्या लॅपटॉपच्या जवळपासही जात नाहीत. हे दोन बदल केलेला लॅपटॉप घरी नेऊन लोक फोन करतात, 'प्रोसेसर बदलला का हो?'

आता सपोर्टचं. विंडोज १० आलं जुलै २०१५मध्ये आणि त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. याचा अर्थ १५ तारखेला सकाळी लॅपटॉप धोकादायक झाला, असा नाही. सापडलेली नवी भोकं आता कोणी बुजवणार नाही, एवढाच अर्थ. धोका महिन्यामहिन्याने साचत जातो. मे २०१७मध्ये वॉनाक्राय नावाच्या खंडणी मागणाऱ्या व्हायरसने जगभर हाहाकार केला तेव्हा त्याचं ठिगळ मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी मार्चमध्येच दिलेलं होतं. ज्यांनी 'अपडेट फार त्रास देतं' म्हणून ते बंद करून ठेवलं होतं, तेच मोठ्या संख्येने सापडले. आपल्याकडे अजूनही निम्म्या लॅपटॉपवर कोणीतरी हौसेने अपडेट बंद करून ठेवलेलं असतं. तुमचंही बघून घ्या.

दुसरी गोष्ट ब्राउझरची. बँकेचं काम ब्राउझरमधून होतं, म्हणून तो ताजा असणं फार महत्त्वाचं. विंडोज ७चा सपोर्ट जानेवारी २०२०मध्ये संपला, पण क्रोमने त्याला सोडलं ते फेब्रुवारी २०२३मध्ये, तीन वर्षांनी. म्हणजे सिस्टिम आणि ब्राउझर एकाच दिवशी म्हातारे होत नाहीत. यावरून गाफील राहायचं नाही, पण घाबरून या आठवड्यात चाळीस-पन्नास हजार खर्चायचीही गरज नाही.

शिवाय मायक्रोसॉफ्टने घरगुती वापरासाठी विंडोज १०ला एक वर्षाची मुदतवाढ दिली आहे, ईएसयू नावाने, १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणीची लिंक येते. मायक्रोसॉफ्ट अकाउंट लागतं. सेटिंग्जचा बॅकअप त्या अकाउंटला जोडलात तर पैसे पडत नाहीत. नाहीतर रिवॉर्ड्सचे १००० पॉइंट किंवा ३० डॉलर, असे दोन मार्ग आहेत. मिळतात ती फक्त सुरक्षेची अपडेट, नवं काही नाही. तुम्हाला नवं काही नकोच आहे.

आता एक अवघड प्रश्न विचारतो, रागावू नका. तुमचं विंडोज ओरिजिनल आहे का? त्या काळात आपल्याकडे निम्मे लॅपटॉप 'डॉसवाले', म्हणजे विंडोजशिवाय, विकले जायचे. पाच-सहा हजार वाचायचे आणि दुकानदार 'विंडोज टाकून देतो' म्हणायचा. तो काय टाकायचा ते आम्हा सगळ्यांना माहीत आहे. सेटिंग्जमध्ये ॲक्टिव्हेशनचं पान उघडा. 'डिजिटल लायसन्स'ने ॲक्टिव्हेट आहे असं लिहिलं असेल तर बहुतेक ठीक आहे. 'तुमच्या संस्थेच्या ॲक्टिव्हेशन सेवेने' अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य घरच्या लॅपटॉपवर दिसलं, तर तिथे ॲक्टिव्हेटर, म्हणजे चोरीचं विंडोज ओरिजिनल भासवणारा प्रोग्रॅम, बसवलेला आहे. सपोर्ट संपण्यापेक्षा मला याची भीती जास्त वाटते. कुणी बनवला, आत काय भरलंय, काही माहीत नाही, आणि बसवताना अँटिव्हायरस आधी बंद करायला लावतात. चोराला किल्ली देऊन वर कुत्रा बांधून ठेवल्यासारखं आहे. तसं निघालं तर मुदतवाढीचा विचार सोडा. त्या विंडोजवर बँक उघडणं आजपासूनच बंद करा.

डॉसवाल्या लॅपटॉपचा आणखी एक वारसा असतो. त्यांच्यावर विंडोज बऱ्याचदा जुन्या लेगसी पद्धतीने टाकलेलं असतं, आणि डिस्कची मांडणी एमबीआर या जुन्या प्रकारची. त्यामुळे मशीनमध्ये सिक्युअर बूटची सोय असूनही ते बंद दिसतं आणि 'पात्र नाही'च्या यादीत आणखी एक ओळ वाढते. डेटा न घालवता जीपीटी या नव्या मांडणीत बदलता येतं, पण तुमचा प्रोसेसरच यादीत नसल्यामुळे त्या खटाटोपाने काही साधणार नाही.

आता तो किस्सा. २०२३च्या सुरुवातीला आमच्या पेठेतल्या एका कापडवाल्यांच्या लॅपटॉपवर मी ११ टाकून दिलं. सिक्स्थ जनरेशनचं मशीन होतं, एसएसडी आधीच होती, चाललं झकास. तेव्हा आवृत्ती २२एच२ होती. २०२५च्या जूनमध्ये ते कीबोर्ड बदलायला आले. कीबोर्ड बसवून सहज अपडेटचं पान उघडलं. शेवटचं सुरक्षा अपडेट ऑक्टोबर २०२४चं. आठ महिने काही नाही. झालं असं होतं की विंडोज ११च्या घरगुती आवृत्त्यांना प्रत्येकी दोनच वर्षं मिळतात. २२एच२ची मुदत ८ ऑक्टोबर २०२४ला संपली होती. पात्र मशीनवर पुढची आवृत्ती आपोआप उतरते. अपात्र मशीनवर ती येत नाही, ती स्वतः पेनड्राइव्ह करून, तीच तपासणी पुन्हा चुकवून टाकावी लागते. हे मी त्यांना तेव्हा सांगायला हवं होतं आणि सांगितलं नव्हतं. गंमत बघा, त्यांचं जे विंडोज १० मी पुसून टाकलं त्याला जून २०२५मध्येही दर महिन्याला अपडेट येत होते. नव्या विंडोजवर आहे म्हणून हे गृहस्थ निर्धास्त होते, आणि जुन्यावरच राहिले असते तर जास्त सुरक्षित असते. मी कीबोर्डचे पैसे घेतले नाहीत.

तेव्हापासून अपात्र मशीनवर ११ टाकायला कोणी आलं की मी एकच विचारतो: हे दर वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा करणारं घरात कोण आहे? २४एच२ची घरगुती मुदत १३ ऑक्टोबर २०२६ला संपते, २५एच२ची १२ ऑक्टोबर २०२७ला. तुमचा भाचा गावातच असेल, हौशी असेल आणि तारखा लक्षात ठेवणारा असेल तर त्याला खुशाल करू द्या. पण मुलगा बारावी झाला की इंजिनिअरिंगला बाहेर जातो, हा माझा अनुभव. शिवाय मायक्रोसॉफ्टने अशा मशीनवर अपडेट मिळतील याची हमी कधीच दिलेली नाही. आज मिळतात, एवढंच म्हणता येतं.

चालवायचंच ठरलं तर दोन बारकावे. 'मेमरी इंटिग्रिटी' हे कोअर आयसोलेशनमधलं जादा सुरक्षेचं बटण बंद राहू द्या. त्यासाठी लागणारी सोय इंटेलच्या सेव्हन्थ जनरेशनपासून प्रोसेसरमध्ये आली. त्याआधीच्या मशीनवर ते काम सॉफ्टवेअर करतं आणि सगळं जड होतं. आणि ग्राफिक्सचा ड्रायव्हर विंडोज १०चाच बसवायचा, तो चालतो. स्लीपमधून उठताना स्क्रीन काळी राहिली तर आधी तिथेच संशय घ्यायचा.

तिसरा रस्ता लिनक्सचा. लिनक्स म्हणजे विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टिम. अशा मशीनसाठी मी त्यातल्या मिंटची एक्सएफसीई, म्हणजे हलकी, आवृत्ती टाकतो. मिंट २२ हे उबुंटू नावाच्या दुसऱ्या लिनक्सच्या २४.०४ आवृत्तीवर उभं आहे आणि त्याला एप्रिल २०२९पर्यंत अपडेट मिळणार आहेत, तेही मशीन कितव्या जनरेशनचं आहे हे न विचारता. बँक, ऑनलाइन क्लास, यूट्यूब, सगळं ब्राउझरमधून होतं. ८ जीबी रॅम आणि एसएसडीवर पळतं. चांगली गोष्ट म्हणजे आधी न टाकता पेनड्राइव्हवरूनच चालवून बघता येतं: वायफाय, आवाज, कॅमेरा, प्रिंटर. वायफाय जरूर बघा. त्या काळातल्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये रिअलटेकचं ८७२३बीई कार्ड आहे आणि कंपनीने त्याला दोनऐवजी एकच अँटेना जोडलेली असते. लिनक्सचा ड्रायव्हर कधीकधी नेमकी न जोडलेली अँटेना पकडून बसतो. राउटरशेजारी बसलं तर फुल रेंज, पलीकडच्या खोलीत शून्य. लोक कार्ड खराब झालं म्हणून बदलतात. ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये एक ओळ घालून दुसरी अँटेना निवडली की काम होतं. माझ्या पहिल्या वेळी यात अख्खी दुपार गेली होती.

पण लिनक्सला तुमच्या घरात खरी अडचण आहे ती प्रश्नपत्रिकांची. जुन्या फॉन्टमध्ये, म्हणजे डीव्हीबी-टीटी सुरेखसारख्या किंवा श्रीलिपीच्या फॉन्टमध्ये, 'क' हा आत 'क' म्हणून साठवलेला नसतो. तिथे इंग्रजी अक्षराचा किंवा चिन्हाचा कोड असतो आणि फॉन्ट त्यावर मराठीचा मुखवटा चढवतो. फॉन्ट काढला की फाइलमध्ये नुसता कचरा दिसतो. फॉन्टची फाइल लिनक्समध्ये टाकली तर लिब्रेऑफिस या फुकट ऑफिसमध्ये जुनी प्रश्नपत्रिका उघडते, दिसते, छापताही येते. टाइप मात्र करता येत नाही, कारण आयएसएमसारखा टायपिंगचा प्रोग्रॅम विंडोजचा असतो. श्रीलिपीचं डोंगल (यूएसबीत लावायची लायसन्सची किल्ली) असेल तर त्याच्या वाटेला मी जातच नाही. एक्सेलचंही तसंच. साधी निकालपत्रकं लिब्रेऑफिसमध्ये ठीक उघडतात, मॅक्रो असलेली फाइल असेल तर भरवसा नाही.

म्हणून तुमच्यासाठी मी काय करेन ते क्रमाने सांगतो. सगळ्यात आधी बॅकअप, बाहेरच्या डिस्कवर. 'डी ड्राइव्हमध्ये ठेवलंय' म्हणजे बॅकअप नव्हे. सी आणि डी एकाच हार्ड डिस्कचे दोन कप्पे आहेत, डिस्क गेली की दोन्ही जातात. हे वाक्य मी आठवड्यातून एकदा तरी रडवेल्या माणसासमोर बोलतो, म्हणून आधीच सांगून ठेवतो. मग एसएसडी आणि रॅम. विंडोज ओरिजिनल असेल तर तेच नव्या एसएसडीवर जसंच्या तसं उतरवून (क्लोन करून) मुदतवाढीची नोंदणी. तेवढ्याने ऑक्टोबर २०२६पर्यंतची सोय झाली. एसएसडीचा ६० जीबीचा कप्पा मिंटसाठी वेगळा ठेवून बँक आणि मुलाचे क्लास तिकडे हलवायचे, सवय व्हायला तोवर वेळ मिळतो. ऑक्टोबरनंतर विंडोज १० फक्त प्रश्नपत्रिका आणि एक्सेलसाठी, वायफाय बंद करून. बाहेरून आलेला पेनड्राइव्हही त्यात थेट न लावलेला बरा. आणि नव्या प्रश्नपत्रिका हळूहळू युनिकोडमध्ये (जिथे 'क' हा 'क' म्हणूनच साठतो), इन्स्क्रिप्ट कीबोर्डने करायला लागा. पंधरा दिवस बोटं शिव्या देतात, नंतर जुन्याकडे जावंसं वाटत नाही.

विंडोज ओरिजिनल नसेल तर क्लोन करायचं नाही. एसएसडीवर मिंटच एकटं टाकायचं, आणि मराठी टायपिंगसाठी शाळेतला कॉम्प्युटर वापरता येतो का ते बघायचं. कोणी 'एलटीएससी टाका, २०३२पर्यंत बघायला नको' म्हणेल. एलटीएससी म्हणजे कंपन्यांसाठीचं, जास्त वर्षं अपडेट मिळणारं विंडोज १०. तारीख बरोबर आहे, आयओटी एलटीएससी २०२१ला जानेवारी २०३२पर्यंत अपडेट आहेत. पण ते लायसन्स घरगुती ग्राहकाला किरकोळीत विकलं जात नाही, आणि तीन-चारशे रुपयांत ऑनलाइन मिळणारी की कुठून आली हे विचारायची सोय नसते.

नवीन लॅपटॉप कधी घ्या म्हणेन? बिजागरी तुटून स्क्रीन हलत असेल किंवा बॅटरी फुगली असेल तर यात पैसे घालू नका. टचपॅड वर उचललेला, क्लिक दाबायला जड वाटतोय असं असेल तर ती फुगलेली बॅटरीच असते. तशी असेल तर आजच काढून घ्या, चार्जिंगला लावून झोपू नका.

आता तुमच्याकडून तीन गोष्टी हव्यात. खालच्या स्टिकरवरचा पूर्ण मॉडेल नंबर, कारण काही मॉडेलमध्ये रॅमचा स्लॉट एकच असतो आणि मग ४ जीबीची काढून ८ जीबीची एकच पट्टी घालावी लागते. ॲक्टिव्हेशनच्या पानावरचं वाक्य, आहे तसं. आणि क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर चालवून हार्ड डिस्कचा रंग: निळा की पिवळा. पिवळा असेल तर उत्तर लिहायच्या आधी फोटो आणि शाळेच्या फाइली दुसरीकडे उतरवून घ्या, मग सावकाश लिहा.